रोवणीच्या दिवशीचा भात

प्रिय सरिता,

माझा फोन उचलत नाईस, म्हणून लिहून राहिली. माझं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे, तरी पूर्ण वाच. तू नागभीडले माहेरी जाऊन बसली अन् इथी तुझ्या नवऱ्याच्या, प्रफुलच्या, हातचा करपला भात मले गिळावा लागते.

धानाची रोवणी संपली त्या दिवशीचं मी सारखं आठवून पाहते, पण गुंता काही सुटत नाई. बाया बांधीवर जेवल्या अन् दिवस बुडायच्या आधी एकेकीले ओकाऱ्या, पोटात मुरडा. सोमारीले तर उभं राहता येईना, डोळे आत गेले. पहिले वाटलं, त्यांच्यातल्या कमळानं वारुळाजवळच्या सात्यांच्या छत्र्या तोडून भाजी केली, तीच बाधली. पण सोमारीनं त्या भाजीले बोटही नाई लावलं, नुसता वरण-भात खाल्ला. मग मी भातावर आली. सकाळचा गरम भात तू टोपलीत दाबून भरला, वरून ओलं फडकं, पळसाची पानं. दुपार उलटेपर्यंत तो तसाच. आपल्याकडं सगळ्याच तसा नेतात. पण आपल्या गड्यानं, मुखरूनं, तोच भात पुन्हा पुन्हा वाढून घेतला, त्याले साधा करपट ढेकर नाई. विहिरीचं पाणी म्हणावं, तर मीही तेच प्यायली. डोकं चालत नाई.

गावाचं डोकं मात्र लगेच चाललं. झाडूभाऊची बायको म्हणे, ह्या सरिताच्या हातालेच काहीतरी आहे, मागे हिनं चारा टाकला अन् आमचं वासरू मेलं, पुजाऱ्याले विचारा. मी म्हटलं, विचार बाई, पण सोमारीले सलाईन तुझा पुजारी लावणार काय? गेली तोंड वाकडं करून. अन् तू? तू पिशवी भरली अन् निघाली.

नंतर दवाखान्याची गाडी आली. सोमारी आता घरी आहे, पेज पिते अन् शिव्याही देते, म्हणजे बरी आहे. डॉक्टरनं एकेकीले विचारलं, काय खाल्लं, कधी खाल्लं, उलटी पहिले कोणाले झाली. उरलेला भात अन् पाणी तपासायले नेलं. रिपोर्ट अजून आला नाई. सरकारी कागदावर तुझं नाव पडलं अन् ते कमळानं लावलं, असं तू प्रफुलले म्हटलं म्हणे.

कमळा नाई, मी. दवाखान्यात कळवायले आशाताई सुगंधाबाईले मीच बोलावलं. भात कोणी रांधला विचारल्यावर तुझं नाव मीच सांगितलं. उरलेला भात झाडूची बायको उकिरड्यावर टाकायले निघाली होती, तो तिच्या हातातून मीच हिसकला. रिपोर्टात काय येईल, मले ठाऊक नाई. भातच निघाला तर निघू दे. भात बिघडला असं ठरलं, तर पुढच्या रोवणीले बांधीवरच चूल मांडू. पण हात वाईट असं ठरलं, तर तो हात घेऊन तू कुठी जाशील? सोमवारी डॉक्टर परत येऊन राहिला. भात कधी उतरवला, कधी भरला, मले सांगता येत नाई; ते तुलेच माहीत. सकाळच्या गाडीनं ये. मी बाजूले बसते. कोणी मधात बोललं, तर त्याचं मी पाहते.

तुझीच आजेसासू,
बायनाबाई