बाहेर उभा राहिलेला थोरला

धाकट्या,

तू बाबांकडे परत आलास हे कळल्यापासून माझा पाय एका जागी ठरत नाही. तिकडे यायला चपला घालते आणि दारातूनच मागे फिरते.

इथे बाबांचीच रीत चालू आहे. रविवारी प्रार्थना झाली की येशूने सांगितलेली एक गोष्ट वाचायची आणि मुलांनी तिचं चित्र काढायचं. चित्र पुरं होईपर्यंत मोठ्यांनी तोंड उघडायचं नाही. तू मेंढरांनाही दाढी काढायचास, तेव्हा बाबांनी हसू कसं आवरलं असेल कोण जाणे!

एक गोष्ट मात्र मी कायम टाळत आले. घर सोडून गेलेला धाकटा परततो, बाप त्याला मेजवानी देतो आणि थोरला रागाने बाहेरच थांबतो. आई गेली तेव्हा तू कुठे होतास रे? मला ती गोष्ट वाचवतच नव्हती.

आज माझी लेक म्हणाली, "मी वाचते." नेमकी तीच वाचली. रीत म्हणजे रीत, मी गप्प बसले. चित्रात टेबलाशी आजोबा आणि दाढीवाला मामा. बाहेर अंधारात थोरला, त्याला माझा चष्मा, माझी हिरवी ओढणी!

"अगं, थोरला मुलगा होता ना?"

"गोष्टीत होता. पण तो शेवटी आत गेला का, ते दिलंच नाहीये." तिने खडू माझ्या हातात दिला. "आता तू काढ."

त्याच खडूने हे खरडतेय. पाठवणार नाही, तोंडावरच बोलेन. फोनवर एवढंच सांगेन, माझं ताट मांडून ठेव. आधी भांडेन, मग जेवेन.

तुझी ताई