शैलूची शाळा बंद करू नकोस

पिंपळगाव राजा,
ता. ९ डिसेंबर १९३४

प्रिय नीळकंठदादास,

तुला आणि वहिनीला वाकून नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहेत. कापसाची वेचणी चालू आहे, म्हैस व्याली, आणि तुझ्या बहिणीला चष्मा लागला. हसू नकोस.

झालं असं की मामंजींचे साडू अर्जुनराव काळी घोंगडी पांघरून वाड्यात शिरले. मला वाटलं, म्हैस सुटली. मी काठी उगारून "हो मागं" म्हणत धावले. बिचारे तुळशीवृंदावनामागे जाऊन उभे राहिले.

सासूबाईंनी मला बाजूला घेतलं. "त्या खुंट्याले किती बैल बांधले हायेत, सांग बरं."

"दोन," मी म्हटलं. होता एकच, दुसरी कडब्याची पेंढी होती.

"कवापासून असं दिसते तुले?"

"लहानपणापासून."

"मंग काऊन नाही सांगितलं?"

त्यांनी लगेच चष्म्याचं काढलं. मामंजी कुरकुरले, सून चष्मा लावून फिरणार का म्हणून. सासूबाई म्हणाल्या, "पाहुण्याले काठी दाखवण्यापरीस चष्मा बरा." दुसऱ्याच दिवशी त्यांनी गाडी जुंपायला लावली आणि मला खामगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

मी डॉक्टरांना आधी तुझाच प्रश्न विचारला. माजघरातल्या अंधारात वाचून माझे डोळे गेले का? ते म्हणाले, "कमी उजेडात डोळे थकतात, चुरचुरतात, डोकंही दुखतं. विसावा दिला की उतरतं. त्यानं नजर जात नाही. तुमचं लांबचं दिसणं मुळातच अधू आहे."

चष्मा लावून परत येताना शाळेवरून गाडी गेली. दारातून फळा दिसला आणि त्यावरचं गणित मी गाडीत बसून वाचलं. सासूबाईंना वाटलं, धूळ गेली डोळ्यांत.

दादा, पाचवीत मला फळा कधी दिसलाच नाही. मी शेजारच्या पद्मजाच्या पाटीवरून उतरवायचे. मास्तर मला ढ म्हणाले, तू म्हणालास अंधारात वाचून डोळे फोडून घेतेस, आणि पुस्तकं माळ्यावर ठेवलीस. तेव्हाही फळा दिसत नाही हे मी लपवलं. अधू डोळ्यांच्या मुलीला कोण करून घेणार, असं आई म्हणायची. पण राग तुझ्यावर धरला. तीन भाऊबिजांना आले नाही. वेचणीचं कारण खोटं होतं. दरवेळी सासूबाई जा म्हणत होत्या.

आता मुद्द्याचं. तू लिहितोस, कंदिलाऐवजी गॅसबत्ती आणली तरी तुझी लेक शैलू पुस्तक नाकाशीच धरते, अभ्यासातही मागे पडली, तेव्हा दिवाळीनंतर घरी बसवली. नाताळानंतर नाव काढणार. दादा, एवढ्या लख्ख उजेडातही ती नाकाशीच धरते, तर दोष उजेडाचा कसा असेल? तिला अंगणात उभी कर आणि समोरच्या झाडावर किती पाखरं आहेत ते विचार. रागावू नकोस, नाहीतर ती अंदाजानं सांगेल. मीही तसंच सांगत असे.

येत्या रविवारी मी आणि सासूबाई बुलढाण्याला येतोय. शैलूला खामगावला मी घेऊन जाईन. तोवर तिचं नाव काढू नकोस.

माझ्या वेळी तुला ठाऊक नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. या वेळी तुला सांगितलं आहे.

तुझ्यावरचा राग सोडलेली,
कोकिळा