कोळशाची शेगडी शोधू नकोस

ओर्तेन्सियाताई,

शेगडी शोधू नकोस, ती मी सोबत घेऊन चाललोय. सुताराने स्वयंपाकघराची लाकडी भिंत पाडून चूल अंगणात काढली, म्हणून तू कोळशाची शेगडी आत आणलीस. आणि मी शहाण्याने थंडी अडवायला प्लास्टिक ठोकून सगळ्या फटी बुजवल्या. काल तू टेबलावर डोकं टाकून पडलीस, तेव्हा वाटलं, माझीच फिरकी घेतेयस. मी हसत हसत तुझ्या नाकात कोंबडीचं पीस फिरवलं. तू शिंकलीच नाहीस गं. अंगणात ओढत नेल्यावर शिवी हासडलीस, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

शेजारच्या रोसाल्बाचा विजेचा हीटर आणून ठेवलाय. तो चालू असताना किटली लावू नकोस, फ्यूज उडेल. "विस्तवाशिवाय कसली ऊब?" म्हणशील. म्हण खुशाल.

मी कास्त्रो शहरात चुलीचं धुराडं आणायला जातोय. बसमध्ये मांडीवर शेगडी घेतलेला येडा दिसला असं कुणी सांगितलं, तर ओळख सांगू नकोस.

साखरेच्या डब्यात काय केलंय ते सांगत नाही. चहाचा पहिला घोट घेतलास की शिव्या द्यायला फोन कर. करच.

लिसान्द्रो