हुडक बंद होणार नाही

तिरुवल्लिकेणी, चेन्नई
१८ मार्च २००७

प्रिय मंदारदादास,
सप्रेम नमस्कार.

उद्या पाडवा. तुम्हा दोघांना नवं वर्ष सुखाचं जावो. हैदराबादला उन्हाळा सुरू झाला असेल. इथे तो संपतच नाही. कॉम्प्युटरवर पोट भरणाऱ्या बहिणीचं हाताने लिहिलेलं पत्र बघून हसशील. हस. कारण शेवटी सांगते.

मी बरी आहे. आईला सांग, नीट जेवते. घरमालकीण तुळसीबाई तंजावरच्या मराठी. रोज दहीभात पुढे करतात आणि माझी मराठी पेपरातली आहे म्हणून चिडवतात.

तुझी मेल मिळाली. ‘हट्ट सोड, तक्रार मागे घे, इथे ये, मी साहेबांकडे शब्द टाकतो.’ किती सहज लिहितोस रे. वर आईला सांगितलंस की पोरगी डोक्यावर पडली आहे.

तीन वर्षं मी आणि माझी भागीदार अलमेलूने खपून हुडक बनवलं. कॉम्प्युटरमध्ये हरवलेली फाईल शोधून देतं, एवढंच त्याचं काम. नुंगंबाक्कमची वकिलांची ऑफिसं, दोन शाळा, असं करत सत्तर गिऱ्हाइकं जमली. जानेवारीत तुमच्या कंपनीची नवी सिस्टीम आली, ती फाईल शोधायची स्वतःची सोय पोटात घेऊनच. आता नव्या मशीनवर दोन्ही शोध एकदम डिस्क चाळायला लागतात आणि मशीन मुंगीच्या पावलाने चालतं. शिव्या आम्हाला. एका वकिलांचे हेडक्लार्क सुब्बा म्हणाले, “तुमचं काढून टाका अम्मा. ते फुकट येतं.” तुमचा शोध बंद करायचं बटण सापडायला अलमेलूला दीड दिवस लागला, आणि ती यातली उस्ताद आहे. सत्तरांतली एकतीस गेली. म्हणून तुमच्या कंपनीविरुद्ध ती तक्रार.

तू म्हणतोस, चांगलं असेल ते टिकेल. अरे, मैदान तुमचं, पंच तुमचा, आणि खेळायलाही तुम्हीच.

चांगलं काय ते ऐक. तुळसीबाईंचे यजमान प्राणेशराव मराठी लिहितात ती तमिळ अक्षरांत. या घरांची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. स्वतःच्या आईच्या तोंडच्या गौरीच्या ओव्या त्यांनी अशाच टाईप करून ठेवल्यात, कुठल्याशा जुन्या फॉन्टात. नवं मशीन आलं आणि तुमच्या शोधाने सांगितलं, काही नाही. म्हातारा दिवसभर मशीनसमोरून उठला नाही. हुडकला आम्ही ते फॉन्ट आणि ती सवय दोन्ही शिकवलंय. त्याने चौदा फायली काढून दिल्या. “अस्कं आहे की गे पोरी,” म्हणाले. त्यांच्या मराठीत अस्कं म्हणजे सगळं. मग चष्मा पुसत बसले.

आता कारण सांगते. गेल्या दिवाळीत तू मला मेलमध्ये लिहिलं होतंस, ‘बंद करायचं बटण मुद्दामच खोल पुरलंय, तुमच्यासारख्यांसाठी. वेळीच दुसरं काही बघ.’ भाऊ म्हणून लिहिलंस, मला कळतं. पण आमच्या वकील चित्राबाईंसमोर मी बोलण्याच्या भरात ते बोलून गेले. त्या म्हणाल्या, एवढी एक मेल तक्रारीला जोडली तर दिल्लीचा मक्तेदारी आयोग पहिल्याच दिवशी आपलं ऐकेल.

वर नीट जेवते म्हणून लिहिलं, ते खोटं आहे. चार दिवस घास उतरला नाही. मेल जोडली तर हुडक वाचतं आणि तुझी नोकरी जाते. तुझा राग आला, खूप आला. चांगलं ठाऊक असून तू तिथे बसून राहिलास आणि मला शहाणपण शिकवतोस.

मेल जोडली नाही, दादा. चित्राबाईंना सांगितलं, घरातलं बोलणं घरातच राहील. त्या मेलचा एकुलता छापील कागद सोबत पाठवते आहे. माझ्याकडची प्रत पुसली. काल हुडक लावून पाहिलं, त्यालाही सापडली नाही. हे पत्र हाताने लिहिलं ते त्याचसाठी. कुठल्याच यंत्राच्या हाती लागू नये.

तक्रार मात्र मागे घेणार नाही. तिच्यावर पहिली सही माझी आहे. नऊ एप्रिलला दिल्लीत सुनावणी. कागद नसताना हरले तर पुन्हा उभी राहीन. एकोणचाळीस गिऱ्हाइकं अजून आहेत आणि ओव्या जपणारा एक म्हातारा.

कागद फाडायचा की घेऊन दिल्लीला यायचं, ते तू ठरव. फक्त मला हट्टी म्हणू नकोस.

वहिनीला नमस्कार.

तुझ्या पाठची, या वेळी तुझ्यासमोर उभी,
ऋजुता