पट्टे तिरपे कर

प्रिय ताई,

तुला नमस्कार. भावजींना मुद्दामच नाही.

मी मजेत आहे. खोली उबदार आहे, खाण्यापिण्याचे हाल नाहीत. थोडा खोकला आहे, पण आईला सांगू नकोस. तुझी कंबर कशी आहे?

काम काय करते, विचारलंस. पडद्यावर काळे-पांढरे पट्टे दाखवायचे आणि ते बघताना उंदराच्या मेंदूतली एक पेशी काय म्हणते, ते स्पीकरवर ऐकायचं. आधी ती लाह्या फुटाव्यात तशी तडतडते. तेच पट्टे दाखवत राहिलं की गप्प होत जाते. मला वाटलं, मेली! उंदराच्या मेंदूत घातलेली सुई काढायलाच निघाले होते. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "अगं, सवय झालीय तिला. पट्टे तिरपे करून बघ." केले, तर पुन्हा तडतड!

मला भावजीच आठवले. मी निघाले त्या दिवशी चारचौघांत म्हणाले, "हिला दिवसभर काम काय असतं?" हातात तू दिलेला चहा, अंगात तू इस्त्री केलेला शर्ट. तू हसून गिळलंस. मला अजून गिळता आलेलं नाही.

भांडू नकोस. सोबत तिकीट आहे, महिनाभर इकडे ये. निघताना घरातलं काय कुठे आहे, ते अजिबात सांगू नकोस.

साखरेचा डबा विचारायला त्यांचा फोन येईलच. तो मला घेऊ दे.

तुझी, दात धरून बसलेली,
धाकटी