नीरजाचा प्रोग्राम

सदाशिव पेठ, पुणे
१५ जानेवारी १९९७

प्रिय नीरजा,

सप्रेम नमस्कार. आम्ही मजेत. बंगळूरची हवा तुला मानवली असं ऐकते. तुला काय मानवत नाही म्हणा! श्रीधर उद्या कामासाठी तिकडे येतोय. त्याच्याबरोबर पत्र आणि कालच्या संक्रांतीचा तिळगूळ पाठवते. गोड बोलणं मात्र जमेलसं वाटत नाही, म्हणूनच फोन केला नाही.

तुझा हवामानाचा प्रोग्राम आमच्या प्रयोगशाळेत तपासायला माझ्याकडेच आला. साहेबांनी माझा बाजूला ठेवून तुझा घेतला, आणि तपासणार कोण? तर सुनीती! साहेबांना विनोदबुद्धी आहे. माझ्या पद्धतीत दर पायरीला एकत्र जोडलेली सगळी संगणक-यंत्रं सर्वांत मंद यंत्रासाठी खोळंबायची. तुझ्या पद्धतीत माहिती वाहत राहते, ज्याने त्याने आपलं काम करून पुढे द्यायचं. इतकं सोपं मला का सुचू नये? जेवण जात नाही. त्यात माझा नवरा असून श्रीधर मंडईत वांगी निवडतानासुद्धा म्हणतो, "नीरजाचं डोकं म्हणजे कमाल!" मी म्हटलं, "मग भरलं वांगं तिच्याकडेच खा." तो हसला. मी नाही.

हो, जळते मी तुझ्यावर. कॉलेजपासून.

सोमवारी मी देशभरच्या हवामानाची सगळी माहिती घातली आणि तुझा प्रोग्राम अडकला. तिसरं यंत्र काही आकडे पुन्हा पहिल्याकडे पाठवतं ना, तिथे. दोघांच्या रांगा भरतात आणि 'आधी तू जागा कर' म्हणत दोघं बसून राहतात. थोड्या माहितीवर हे दिसत नाही. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? साहेबांनी विचारलं, "काय सुनीतीबाई, ठीक ना?" मी म्हटलं, "उत्तम!" पुढच्या शुक्रवारी प्रोग्राम दाखवायला निवड समितीसमोर तू उभी, पडदा गोठलेला, आणि साहेब पुन्हा माझा प्रोग्राम काढताहेत, हेच मनात घोळवत होते.

पण ते अडणं मलाच बघवेना. परत येणाऱ्या आकड्यांना वेगळी जागा दिली, त्यांना आधी घेतलं. आज चालवून पाहिलं, सुसाट गेला. सोमवारपेक्षा जास्त आनंद झाला, आणि त्याचाच राग आला.

दुरुस्ती सोबत जोडली आहे. 'उत्तम' खोटं होतं हे साहेबांना उद्या मीच सांगते. प्रोग्रामवर माझं नाव घाल. आभारात, बारीक अक्षरांत नको, तुझ्या शेजारी. नाही घातलंस तरी दुरुस्ती तुझ्या हाती पडलेलीच आहे, मला ती परत मागता येणार नाही. तेव्हा ठरव.

तुझ्यावर जळणारी, तरी तुझीच,
सुनीती