आमच्या घरात गाजर आलं

मंचर,
संवत्सरीचा दुसरा दिवस, २००६

प्रिय द्रौपदा,

उगमचा तुला जयजिनेंद्र आणि तुझ्या घरी सगळ्यांना जयभीम. धम्मपालचा खोकला थांबला का? तुझे गुडघे कसे आहेत ते विचारत नाही. सारा जन्म सरकारी दवाखान्यात लोकांना गोळ्या दिल्यास आणि स्वतः एक घेत नाहीस, हे मला पाठ आहे. इकडे सर्व क्षेम, म्हणजे ह्यांची साखर वाढलेली, सूनबाईंचा पारा चढलेला आणि फोन बंद. फोनची वायर सशाने खाल्ली, म्हणून पत्र. (हो, ससाच. रिंकूच्या, म्हणजे सूनबाईंच्या, मोबाइलला हात लावायची माझी प्राज्ञा नाही.)

आधी तक्रार ऐक. पारगाव ते मंचर असं कितीसं लांब? चाळीस वर्षं मी इथे नांदतेय. माझी दोन्ही बाळंतपणं तू केलीस, रिक्षातून दारापर्यंत सोडायला आलीस, आणि दोन्ही वेळा ‘ड्यूटी हाय गं’ म्हणून उंबऱ्यावरून परत फिरलीस. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तुला, आता कसली ड्यूटी? तू एकदा तरी घरात यावंस एवढंच माझं म्हणणं आहे, आणि सशाची गोष्ट सांगतेय तीही त्यासाठीच.

श्रावणात आणे पठारावर नणंदेकडे गेले होते. तिथल्या सावळेरामने हौसेने सशांचा शेड टाकला होता, तो धंदा बसला. सगळे ससे हॉटेलवाल्याने नेले, एकच उरला, कारण तो इतका भित्रा की कोपऱ्यातल्या पाइपात शिरला तो निघेचना. सावळेराम म्हणाला, “बाई, लई भ्याडाय ह्ये. माणूस बघितलं की थरथरतंय. न्हाई जगायचं.” आता त्याच आठवड्यात महाराजसाहेबांनी अभयदानावर प्रवचन दिलेलं! मी ससा टोपलीत घातला, वर पदर धरला आणि एस.टी.त बसले. (कंडक्टरने विचारलं तर ‘भाजी’ म्हणाले. त्याचंही प्रायश्चित्त काल केलं.)

बेत असा, की पांजरपोळात देऊन मोकळं व्हायचं. ते म्हणाले गाय आणा, म्हैस आणा, ससा नको. रानात सोडावा तर उसात बिबटे. म्हणजे दान माझं आणि जेवण त्यांचं. शेवटी घरात ठेवला. तो जो लोखंडी कपाटाखाली गेला, ते सतरा दिवस मला फक्त त्याच्या लेंड्यांचं दर्शन. त्याच खोलीत मी रोज सामायिकाला बसते. अठ्ठेचाळीस मिनिटं जागचं हलायचं नाही, बोलायचं नाही. अठराव्या दिवशी ससेमहाराज बाहेर आले, मला पाटाइतकीच निर्जीव समजून माझ्या गुडघ्याला टेकून बसले आणि सावकाश फोनची वायर खाऊ लागले. वाळूच्या घड्याळात निम्मी वाळू बाकी! मी मनात नवकार म्हणत डोळ्यांदेखत फोन जाऊ दिला. रिंकू अजून बोलत नाही माझ्याशी. पण खरं सांगू, तो टेकला तेव्हा मला इतकं बरं वाटलं की वायर गेली तर गेली.

शेजारीण म्हणाली, गाजर द्या. कंदमूळ म्हणून आमच्या घरात तीन पिढ्यांत गाजर आलेलं नाही! मग मीच तोडगा काढला: वेगळी ताटली, बाहेरच्या नळावर धुवायची, पायरीवर ठेवायची, आत आणायची नाही. ससा पायरीपर्यंत जाईना. तिसऱ्या दिवशी ताटली ठेवायला वाकले आणि तशीच खाली बसले.

राजुरीची माझ्या माहेरची ओसरी आठवते? तुमच्या घरी बुद्धाची तसबीर नवी लागली होती, आपण दहा वर्षांच्या होतो, आणि तू गणितं सोडवायला यायचीस, कारण मला वजाबाकी येत नव्हती. (शेटजीची पोर असून!) कोनाड्यात तुझ्यासाठी वेगळं फुलपात्र असायचं. एकदा तू चुकून माठावरचं उचललंस. आई काही बोलली नाही, द्रौपदा. मी बोलले. “ते नाय, तुझं ते.” तू पाणी न पिता गेलीस. दुसऱ्या दिवशी शाळेत ओंजळभर बोरं दिलीस, मला वाटलं विसरलीस. ओढ्याकाठच्या त्या बोरांची चव अजून जिभेवर आहे. पण त्यानंतर आमच्या ओसरीवर तू आली नाहीस, आणि मीही कधी ‘ये’ म्हणाले नाही.

मी ताटली उचलून स्वयंपाकघरात आणली, माझ्या ताटाशेजारी ठेवली. हे म्हणाले, “आता कांदाही येणार का?” मी म्हटलं, बघू. ससा आला, गाजर हुंगलं, सोडलं आणि माझ्या ताटातली मेथी खाऊन गेला.

असो. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझी,
उगम

ता. क. संवत्सरीला मी शंभरेक छापील क्षमापत्रं पाठवते, व्याह्यांच्या व्याह्यांनाही. तुला एकही नाही. छापलेलं तुला पाठवायची हिंमत होत नव्हती. हे हाताने लिहितेय: मिच्छामि दुक्कडम्.

ता. क. दुसरा. तू येत नाहीस ही वरची तक्रार खोडून टाक. मी तुझ्या घरी कितीदा तरी आले, धम्मपालच्या लग्नातही, आणि आजवर तुझ्याकडे पाण्याचा घोट घेतला नाही. कधी उपवास सांगितला, कधी सूर्यास्त, कधी ‘उकळलेलंच पिते’. त्यातले बहुतेक उपवास खोटे होते. तू दर वेळी ‘बरं’ म्हणालीस. येत्या बुधवारी भर दुपारी मी पारगावला येतेय. कसलंही व्रत नाही. आल्या आल्या मी पाणी मागीन. देशील?